अपडेट थांबवायचं, पण किती दिवस?



आज मी बचतीवर बोलणार नाही, कर्जावरही बोलणार नाही. पण ज्या गोष्टीवर बोलणार आहे, तिच्यामुळं आपली बचतही अडते आणि कर्जही अडतं. ती गोष्ट म्हणजे प्रभागसंघाच्या ऑफिसातला कॉम्प्युटर. तुम्ही म्हणाल, ताई, त्याच्याशी आमचा काय संबंध? तो तर तुम्ही मंडळी चालवता. संबंध कसा आहे, ते माझ्याच एका चुकीवरून सांगते.

जूनचा महिना होता. मृग लागला होता, लोहा तालुक्यात सगळीकडं पेरणीची घाई. अकरा गटांच्या कर्जाच्या फायली आमच्याकडं तयार होत्या आणि शुक्रवारी त्या बँकेत द्यायच्या होत्या. बुधवारी संध्याकाळी मी कॉम्प्युटर बंद करायला गेले, तर पडद्यावर पाटी आली. नवीन आवृत्ती तयार आहे, आता बसवायची का? मला वाटलं, नवं ते चांगलंच असणार. मी होय म्हणून बटण दाबलं आणि घरी गेले.

गुरुवारी सकाळी कॉम्प्युटर छान सुरू झाला. रंग नवा, चित्रं नवी. पण आमच्या लेखापाल ताई म्हणाल्या, "ताई, काय केलाव हो? छापायलंच न्हाई की हे." प्रिंटर चालेना. अंगठा घ्यायचं मशीन लागेना. हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडायचं आणि मिटायचं. नांदेडहून दुरुस्तीवाला यायला सोमवार उजाडला. फायली बँकेत गेल्या त्या पुढच्या शुक्रवारी. आठ दिवस गेले.

आठ दिवस म्हणजे काही फार नाही, असं ऑफिसात बसून वाटतं. पण वाफसा काही आठ दिवस थांबत नाही. आमच्या एका गटातल्या मावशींनी बियाण्यासाठी खाजगी सावकाराकडून वीस हजार घेतले, शेकडा पाच रुपये महिन्यानं. गटाचं कर्ज मिळाल्यावर त्यांनी लगेच फेडले, पण सावकाराकडं महिना मोडत नसतो. पूर्ण एक हजार रुपये व्याज द्यावं लागलं. माझ्या एका बोटाची ती किंमत होती आणि ती मी नाही, मावशींनी भरली. त्या मला एका शब्दानं बोलल्या नाहीत, म्हणून जास्त लागलं.

आता पुढची चूक ऐका. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी काय केलं, दुकानातल्या पोराला बोलावून तिन्ही कॉम्प्युटरवरचे अपडेट कायमचे बंद करून टाकले. ना पाटी, ना कटकट. दीड वर्ष सुखात गेलं. मग एक दिवस झेरॉक्सच्या दुकानातून पेनड्राइव्ह आला, तो लॅपटॉपला लावला आणि दुसऱ्या दिवशी त्यातली एकही फाइल उघडेना. दोन वर्षांचा हिशेब, बैठकांची इतिवृत्तं, फोटो, सगळं गेलं. दुरुस्तीवाला म्हणाला, "ताई, हा किडा ज्या भोकातून आत शिरला, ते बुजवणारं अपडेट वर्षापूर्वीच आलं होतं. तुम्ही दारच लावून घेतलं होतं." गटांची कागदाची रजिस्टरं शाबूत होती म्हणून वाचलो. दोन महिने आम्ही चौघी रात्री बसून पुन्हा नोंदी चढवत होतो.

म्हणजे बघा, एकदा घाई केली म्हणून नुकसान झालं, एकदा थांबलेच राहिले म्हणून झालं. मग खरं काय? अपडेट करावं की थांबवावं? याचं उत्तर तुम्हाला आधीच माहीत आहे. फक्त ते तुम्ही कॉम्प्युटरला लावलेलं नाही.

आपण सोयाबीन पेरतो. कुणी सांगितलं की नवं वाण आलंय, लई उतारा देतं, तर आपण चार एकरात एकदम टाकतो का? नाही. आधी शंभर बिया मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो. सत्तरच्या वर उगवल्या तर बियाणं पेरायला घेतो. वाण अगदीच नवं असेल तर पहिल्या वर्षी चार तासं लावून बघतो, बाकी रान आपल्या जुन्या वाणाचं. हे झालं थांबणं, आणि हे शहाणपणाचं थांबणं आहे.

पण त्याच सोयाबीनवर अळी पडली, तर पुढच्या वर्षी फवारू म्हणतो का? किंवा २०२२ साली जनावरांना लम्पी आला, तेव्हा लस टोचायला आपण शेजाऱ्याच्या बैलाचं काय होतंय ते बघत वर्षभर बसलो का? नाही. ते काम वेळेतच करावं लागतं.

कॉम्प्युटरचंही तसंच आहे. त्यात एक मूळ कारभारी प्रोग्राम असतो, त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. विंडोज हे त्यातलं आपल्याकडं सगळ्यात जास्त चालणारं नाव. त्याच्याकडून दोन प्रकारच्या गोष्टी येतात. एक, दर महिन्याची सुरक्षेची दुरुस्ती. ती छोटी असते आणि भोकं बुजवते. ही झाली लस. दुसरी, वर्षातून एखाद्या वेळी येणारी पूर्ण नवी आवृत्ती. हे झालं नवं वाण. लस आठवड्या-दोन आठवड्यांत टोचायची, नवं वाण मात्र तपासून, सवडीनं, काही महिन्यांनी. माझी चूक एवढीच होती की मी दोन्हींना एकच समजले. आधी दोन्ही घेतले, मग दोन्ही बंद केले.

हे फक्त लोह्यातल्या छोट्या ऑफिसात होतं असं समजू नका. जगातली चार उदाहरणं सांगते.

२ ऑक्टोबर २०१८ ला विंडोज १० ची एक नवी आवृत्ती आली. ती बसवल्यावर काही लोकांच्या स्वतःच्या फायलीच पुसल्या गेल्या. मायक्रोसॉफ्ट कंपनीनं काही दिवसांतच ती मागं घेतली आणि दुरुस्त करून नोव्हेंबरमध्ये पुन्हा दिली. ज्या संस्थांनी दोन-चार महिने थांबायचं ठरवलं होतं, त्यांना यातलं काहीच सोसावं लागलं नाही.

आता उलटं उदाहरण. १४ मार्च २०१७ ला मायक्रोसॉफ्टनं एक सुरक्षेची दुरुस्ती दिली. दोन महिन्यांनी, १२ मे २०१७ ला, त्याच भोकातून वॉनाक्राय नावाचा खंडणीचा व्हायरस जगभर पसरला. दीडशे देशांतले दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटर त्यानं कुलूपबंद केले आणि किल्लीसाठी पैसे मागितले. इंग्लंडमधल्या सरकारी दवाखान्यांत हजारो रुग्णांच्या तपासण्या आणि शस्त्रक्रिया रद्द झाल्या. औषध दोन महिने घरात होतं, पण ते घेतलं नव्हतं.

पुढच्याच महिन्यात, २७ जून २०१७ ला, तसाच दुसरा हल्ला झाला. त्याची झळ आपल्या महाराष्ट्रात न्हावा शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरापर्यंत आली. तिथलं एक टर्मिनल मर्स्क या कंपनीच्या समूहाकडं होतं. त्यांचे कॉम्प्युटर बंद पडले, काम हातानं करायची वेळ आली, कंटेनरच्या गाड्या खोळंबल्या. आणि गंमत बघा, तो व्हायरस युक्रेन देशातल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच घुसवला होता. म्हणजे अपडेट आहे म्हणून डोळे झाकून विश्वास ठेवायचा, असंही नाही.

चौथं उदाहरण तुमच्यातल्या काहींना आठवत असेल. १९ जुलै २०२४ ला विमानतळांवर प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले, ते टीव्हीवर दाखवत होते. क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा कंपनीनं एक सदोष अपडेट एकाच वेळी सगळीकडं पाठवलं आणि जगभरचे सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर बंद पडले. ते अपडेट पुढं ढकलायची सोय ग्राहकांच्या हातात नव्हती. नंतर कंपनीनं पद्धत बदलली. आता अपडेट टप्प्याटप्प्यानं पाठवतात आणि कधी घ्यायचं हे ठरवायला ग्राहकालाही वाव दिला आहे. एवढ्या मोठ्या कंपनीला जे उशिरा उमगलं, ते आपल्याला गोणपाटातल्या शंभर बियांनी कधीचंच शिकवलेलं आहे.

मोठ्या बँका आणि कंपन्या हे कसं सांभाळतात? तिथं प्रत्येकानं आपापलं बटण दाबायचं नसतं. एका जागी बसलेला विभाग सगळे कॉम्प्युटर सांभाळतो. कोणतं अपडेट कधी जाईल ते तोच ठरवतो. आधी चार-पाच कॉम्प्युटरवर, मग एका शाखेत, मग सगळीकडं. कर्मचाऱ्यानं सेटिंग उघडलं तर तिथं दिसतं की ही सेटिंग संस्थेच्या हातात आहे. आपल्याकडं असा विभाग नाही. पण पद्धत तर घेता येते. आपले कॉम्प्युटर तीन असोत की पाच, ते संघाचे आहेत. जी बाई त्या दिवशी खुर्चीवर बसली, तिचे नाहीत. मग बटण दाबायचा निर्णयही संघाचाच पाहिजे.

आम्ही आता काय करतो ते सांगते. तुमच्या संघात जमेल तसं करून बघा.

पहिलं म्हणजे, आम्ही एक कॉम्प्युटर गोणपाटाचा म्हणून ठरवला आहे. तो सगळ्यात कमी कामाचा लॅपटॉप. नवी आवृत्ती आधी त्यावर बसते. मग महिनाभर त्यावर सगळी कामं करून बघायची. प्रिंटर चालतो का, अंगठ्याचं मशीन लागतं का, हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडतं का, मराठी टायपिंग नीट होतं का, सरकारी वेबसाइटवर माहिती भरता येते का. हे सगळं झालं तरच बाकीच्यांवर, आणि तेही एकेक करून.

दुसरं म्हणजे, थांबायची तारीख लिहून ठेवतो. हे सगळ्यात महत्त्वाचं. "नंतर बघू" असं म्हटलं की ते नंतर कधी येत नाही, हे माझ्यावरूनच बघा. विंडोजमध्ये सगळे अपडेट तात्पुरते थांबवायची सोय आहे. ती जास्तीत जास्त पाच आठवडे चालते, त्यानंतर अपडेट घ्यावंच लागतं. व्यवसायासाठीची जी प्रो आवृत्ती असते, तिच्यात दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या थांबवता येतात. नवी आवृत्ती ३६५ दिवसांपर्यंत आणि महिन्याची दुरुस्ती ३० दिवसांपर्यंत. आम्ही नवी आवृत्ती सहा महिने आणि दुरुस्ती सात दिवस ठेवली आहे. दुरुस्तीवाल्याकडून हे एकदा करून घेतलं की झालं.

तिसरं, कामाच्या हंगामात नवी आवृत्ती बसवायची नाही. मार्च अखेर, लेखापरीक्षण, जूनमधल्या कर्जाच्या फायली, माळेगावच्या यात्रेत गटांचे स्टॉल असतात ते दिवस, हे सगळं आम्ही कॅलेंडरवर लाल केलं आहे. नवी आवृत्ती त्यातल्या त्यात मोकळ्या आठवड्यात, सोमवारी सकाळी. म्हणजे बिघडलं तर हाती पूर्ण आठवडा असतो. त्याच वेळी लॅपटॉप चार्ज आणि इन्व्हर्टर भरलेला पाहिजे. अर्ध्यात लाइट गेली तर कॉम्प्युटर सुरूच न होण्याची भीती असते. आपल्याकडच्या लाइटचं तुम्हाला मी काय सांगू!

चौथं, आधी फायलींची नक्कल. बाहेरच्या हार्डडिस्कवर दर शुक्रवारी नक्कल काढायची आणि मग ती हार्डडिस्क कॉम्प्युटरपासून काढून कपाटात ठेवायची. ती जोडलेलीच राहिली, तर व्हायरस तिलाही खातो.

पाचवं, बिघडलं तर मागं फिरायची वाट माहीत पाहिजे. हे मला त्या जूनमध्ये कळलं असतं तर! नवी आवृत्ती बसवल्यावर साधारण दहा दिवसांच्या आत सेटिंगमधूनच जुन्या आवृत्तीवर परत जाता येतं. मी गुरुवारी सकाळीच ते केलं असतं, तर दुपारपर्यंत फायली छापून झाल्या असत्या आणि मावशींचे हजार रुपये वाचले असते.

आपल्या गटांच्या पंचसूत्रीत शेवटचं सूत्र काय आहे? नियमित नोंदी. आम्ही कॉम्प्युटरचंही एक रजिस्टर केलं आहे. कोणतं अपडेट आलं, कोणत्या तारखेला बसवलं, काय चाललं, काय अडलं, कुणाची सही. दर महिन्याच्या बैठकीत ते वाचायचं. पाच मिनिटं लागतात.

आता मोबाइलचंही थोडं बोलू. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाइल परत केले होते, ते आठवतं ना? फोन जुने, त्यांची मेमरी कमी, आणि नवं ॲप जड, शिवाय इंग्रजी. काम तर त्याच फोनवर करा म्हणायचे. त्या ताईंचा हट्ट नव्हता. वरून नवं पाठवणाऱ्यानं खाली ते कोणत्या फोनवर चालणार, हे आधी बघायला पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. हीच गोष्ट आपल्या संघालाही लागू आहे. समन्वयक म्हणून मी काही नवं बसवणार असेन, तर ते रोज वापरणाऱ्या लेखापाल ताईंना आणि सीआरपी ताईंना मी आधी विचारलं पाहिजे. त्या बुधवारी मी कुणालाच विचारलं नव्हतं.

आणखी एक प्रश्न बऱ्याच जणी विचारतात. "ताई, आमचा कॉम्प्युटर जुना आहे, नवी आवृत्ती तो घेतच नाही, मग?" हा प्रश्न आता खरा झाला आहे, कारण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा काळ संपला. त्या तारखेनंतर त्याला नेहमीच्या मोफत सुरक्षा दुरुस्त्या येत नाहीत. विंडोज ११ ला कॉम्प्युटरमध्ये विशिष्ट सुरक्षा चिप आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो, म्हणून बरेच जुने कॉम्प्युटर ते घेऊ शकत नाहीत. इथं थांबण्याची मर्यादा आली. जिथं लसच येणं बंद झालं, तिथं थांबणं म्हणजे उघड्यावर झोपणं.

मग करायचं काय? काही काळ जादा दुरुस्त्या मिळवण्याची सोय कंपनीनं ठेवली आहे. संस्थांना त्यासाठी पैसे मोजावे लागतात आणि दर वर्षी दर वाढतो. दुसरा रस्ता म्हणजे उबंटूसारखी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकणं. पण आपलं हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि अंगठ्याचं मशीन तिच्यावर चालतं का, हे आधी गोणपाटात बघायचं. तिसरा रस्ता, तो कॉम्प्युटर इंटरनेटला न जोडता, बाहेरचा पेनड्राइव्ह न लावता, फक्त टायपिंगला ठेवायचा. आणि नव्यासाठी दर महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकायचे. आपण शेळीसाठी बचत करतो, शिलाई मशीनसाठी करतो. ज्यात सगळ्या गटांचा हिशेब आहे, त्या कॉम्प्युटरसाठी का नाही?

जाता जाता एक धोक्याची सूचना. "तुमचा कॉम्प्युटर अपडेट करायचा आहे, हे ॲप टाका, तो नंबर सांगा," असा फोन आला तर तो ठेवून द्या. खरं अपडेट फोन करून येत नाही. ते सेटिंगमधूनच येतं. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० या नंबरवर कळवा.

मैत्रिणींनो, पुढच्या ग्रामसंघाच्या किंवा प्रभागसंघाच्या बैठकीला जाल, तेव्हा तिथल्या ताईंना एवढंच विचारा. शेवटची सुरक्षा दुरुस्ती कधी बसवली? नवी आवृत्ती थांबवली असेल, तर कोणत्या तारखेपर्यंत? आधी कोणत्या कॉम्प्युटरवर बघणार? आमच्या फायलींची नक्कल कुठं आहे? आणि बिघडलं तर कुणाला बोलावणार? यासाठी इंग्रजी यावं लागत नाही, कॉम्प्युटरचा कोर्सही लागत नाही. मला हे विचारायला आलात, तर मी रजिस्टर पुढं ठेवीन.

त्या मावशींना मी मागच्या वर्षी हे सगळं सांगितलं. रजिस्टर दाखवलं, लाल केलेलं कॅलेंडर दाखवलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हंजे ह्येलाबी वाफसा बघून हात लावायचा म्हना की." मी म्हटलं, होय मावशी, अगदी तेवढंच.

पेरणी नीट होवो, पाऊस वेळेवर येवो. पुन्हा भेटू. राम राम.